तव्यावरून पाण्यात

आमच्या स्वयंपाकघराला दोन बाजू आहेत. एक गरम, एक थंड. गरम बाजूला चूल, तवा आणि मी. थंड बाजूला बर्फाची पेटी, सरबतं, नळ, भांडी आणि माझी कोमाद्रे, म्हणजे धर्मनात्यातली मैत्रीण, फिदेलिया. सकाळी जी गरम बाजूला उभी राहिली ती संध्याकाळपर्यंत बर्फाला बोट लावत नाही, नळाखाली हात धरत नाही. तव्यापुढच्या बाईच्या हाडांत ऊब मुरलेली असते. तसेच हात गार पाण्यात घातले की गारठा आत अडकून बसतो, बोटं आखडतात, आणि आखडली की ती काही पुन्हा सरळ होत नाहीत. पास्मो म्हणतात त्याला. आमच्या गावात शेंबड्या पोरालाही हे ठाऊक आहे. माझी मावशी तोमासा इस्त्री करता करता उठली आणि विहिरीच्या पोहऱ्यात हात बुडवून आली, ती मरेपर्यंत तिला चमचा धरता आला नाही. तिला घास मी भरवलाय. त्यामुळे हे सगळं खूळ आहे असं मला कुणी शिकवायला येऊ नये.

हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून तुम्ही म्हणाल, म्हातारी भलतीच धीट, जुन्या समजुती लाथाडून मोकळी झाली. काही लाथाडलं नाही मी. तेव्हाही मानत होते, आजही मानते.

आमचं उद्यान जंगलात आहे. तीन सेनोते, म्हणजे जमिनीला पडलेली मोठाली भोकं आणि खाली खोल निळे डोह. एका डोहावरून तारेला लटकून घसरत जायचं, दुसऱ्यात होड्या वल्हवायच्या, तिसऱ्यात नुसतं पोहायचं. पाहुणे वायादोलिद शहरातून सायकली हाणत येतात, घामाघूम होतात आणि पाणी दिसलं की वय विसरून उड्या टाकतात. मग भूक लागते, मग माझ्याकडे येतात. जमीन अख्ख्या गावाची सामाईक, म्हणून उद्यानही सामाईक. मत मात्र ज्यांच्या नावावर जमिनीचा हक्क आहे त्यांचं, म्हणजे बाप्यांचं. तिकिटं बापे फाडतात, शिट्ट्या बापे फुंकतात, आम्ही बायका मक्याच्या भाकऱ्या थापतो. पाहुण्यांच्या आरोळ्या ऐकत मी इतकी वर्षं त्या डोहापासून हाकेच्या अंतरावर उभी होते आणि पाण्यात कधी पाऊल बुडवलं नव्हतं. कसं बुडवणार? रोजचीच गरम.

नेल्सी माझी सून. तिच्या माहेरी परसातच डोह, त्यामुळे ती चालायच्या आधी पोहायला शिकली असं तिची आई सांगते. माझा लेक रुसेल समुद्रकाठी कांकुनच्या हॉटेलात नोकरीला गेला आणि तिकडचाच झाला. सणावारी येतो, पोरीच्या हातात बाहुली ठेवतो, जातो. त्याच्याबद्दल जास्त बोलणार नाही, पोटचा आहे. नेल्सी लेकीला घेऊन माझ्याकडेच राहिली. सकाळी माझ्याबरोबर तव्यावर, दुपारी डोहाच्या पायऱ्या झाडायला.

अशाच एका दुपारी एक आडदांड पाहुणा तरंगायचं जाकीट काढून ठेवून पोहत डोहाच्या मध्यावर गेला आणि त्याच्या पायात गोळा आला. पाण्यावर लक्ष ठेवायचं काम विल्बेर्तचं. विल्बेर्त वर झाडाखाली फोनमध्ये डोकं घालून बसला होता. नेल्सीनं झाडू टाकला आणि अंगावरच्या कपड्यांनिशी उडी मारली. त्या गड्याला हनुवटीला धरून तिनं ओढत पायरीपर्यंत आणलं. तो पाणी ओकत बसला, त्याची बायको नेल्सीच्या गळ्यात पडून रडायला लागली. मी धावत खाली गेले ते कौतुक करायला नव्हे.

"अगं भवाने, सकाळी तव्यावर होतीस ना तू?"

"आई, तो मरत होता."

"तो मेला असता, तू लुळी झाली असतीस. चल वर."

घरी नेऊन तिच्या हातांना सताप घातलेली दारू चोळली, फडक्यात गुंडाळून ठेवले. दुसऱ्या दिवशी बोटं ठणठणीत. मी नशिबाला हात जोडले आणि विषय संपला असं समजले.

विषय कुठला संपतोय. त्याच आठवड्यात ती मक्याचं पीठ मळता मळता म्हणाली, "आई, मला ती शिट्टी पाहिजे."

"कसली शिट्टी?"

"विल्बेर्तच्या गळ्यातली. पाण्यावर अजून एक माणूस नेमणार आहेत. मी पोहते, मी वाचवलाय एक जण. मला का नको?"

"आणि तव्यावर काय काटे आहेत?"

"तव्याचा वाटा घराला मिळतो, बाईला नाही. आपण दोघी थापल्या काय आणि तू एकटी थापलीस काय, घरात तेवढंच येतं." मग ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "फिदेलियाची भाची बोलावतेय कांकुनला. हॉटेलात खोल्या आवरायला. पंधरा दिवसांनी एक सुट्टी. पोरीला तुझ्याजवळ ठेवायचं आणि जायचं. इथं शिट्टी मिळाली तर जायला नको."

म्हणजे एवढंच होतं ते. शिट्टी मिळाली तर माझी सून माझ्या घरात, नाही मिळाली तर कांकुनच्या गाडीत. आणि कांकुनला गेलेलं माणूस कसं परत येतं ते मी रुसेलच्या वेळी बघितलं होतं.

रविवारी सभा भरली. बापे आत बाकांवर, आम्ही बायका बाहेर खिडकीशी. माझा नवरा गास्पार टोपी गुडघ्यावर ठेवून मागच्या बाकावर. हा माणूस इतकी वर्षं सभेला जातोय, पण तिथं त्याच्या तोंडून अवाक्षर निघालेलं कुणी ऐकलेलं नाही. समोर कोमिसारियो आन्सेल्मो, गावाचा कारभारी आणि रुसेलचा धर्मपिता, म्हणजे माझा कोम्पाद्रे. त्या नात्यात एकमेकांना अहोजाहो करायचं असतं, भांडतानासुद्धा.

"पोरगी धाडसाची आहे, त्यात वाद नाही," आन्सेल्मो म्हणाले. "पण ती तव्यावरची बाई. उद्या गरम अंगानं उडी मारली आणि हात गेले, तर जबाबदार कोण? सभाच ना?"

नेल्सीनं खिडकीच्या गजातून दोन्ही हात आत घातले. "मारलीच की उडी. बघा, कुठं गेलेत हात?"

"त्या दुपारी झाडत होतीस तू. झाडू काय गरम असतो होय?"

बापे हसले.

"मग तवा सोडते मी. शिट्टी द्या, तव्याचं तोंड बघत नाही."

"आणि घरी? घरी काय गारढोण खाता? बाई कधी चुलीपासून सुटली आहे का?"

पुन्हा हसले. मला राग येत होता, पण खरं सांगते, मनात वाटत होतं की हे म्हणतात त्यात चूक काय आहे. तेवढ्यात आन्सेल्मोंची नजर माझ्यावर गेली.

"कोमाद्रे एलिहियांनाच विचारू. अख्ख्या गावात त्यांच्याइतकं तव्यावर कुणी उभं राहिलेलं नाही. कोमाद्रे, देवाशपथ सांगा, तव्यावरून उठून कधी पाण्यात गेलात?"

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. "देव न करो," मी म्हणाले. "कधीच नाही."

आन्सेल्मोंनी दोन्ही हात पसरले. "झालं तर मग. बाईच सांगतेय." आणि विल्बेर्तच्या धाकट्या भावाचं नाव पुढं आलं, जो होडीत बसला तरी जाकिटाचे बंद दोनदा तपासतो. पक्कं काय ते पुढच्या रविवारी, उद्यानातच, कारण ईस्टरच्या सुट्टीची गर्दी सुरू होणार होती आणि कुणालाच काम टाकून गावात येता येणार नव्हतं.

घरी येईपर्यंत नेल्सी माझ्या पुढं पुढं चालत राहिली. आपलेच दात आणि आपलेच ओठ. घरी आल्यावर तिनं झोळीत कपडे भरायला घेतले.

"रागावलीस?" मी विचारलं.

"नाही गं आई. तू खोटं थोडंच बोललीस."

चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

तो आठवडा माझा तव्यावर गेला आणि डोकं भलतीकडेच. गास्पारला विचारलं, "तुम्ही बापे डुक्कर भाजायला जमिनीत खड्डा पेटवता. निखाऱ्यांत कोपरापर्यंत हात घालता. मग संध्याकाळी डोहात उड्या मारता. तुमची बोटं का नाही वाकडी होत?"

"आम्ही थांबतो. घाम वाळू देतो."

"कधी थांबलास? बाटली उघडायला जेवढा थांबतोस तेवढाच."

"मला काय विचारतेस? जे आहे ते आहे."

मग फिदेलियाच्या भाचीची गोष्ट आठवली. कांकुनच्या हॉटेलात तळघरात बाया दिवसभर चादरींना इस्त्री करतात आणि डोक्यावर गार हवेची यंत्रं चालू असतात. इस्त्रीवरून उठायचं, ओल्या गार चादरी उपसायच्या, पुन्हा इस्त्री. तिथं आमच्याच गावच्या पोरी आहेत. त्यांच्या हातांची काळजी वाटून आन्सेल्मोंनी कधी सभा बोलावल्याचं मला आठवेना. पोरगी तिकडं हात झिजवायला गेली तर पास्मो नाही, आणि इथं घरच्या पाण्यावर शिट्टी घेऊन उभी राहिली तर पास्मो. हे मला कळलं आणि माझं टाळकं सटकलं ते सटकलंच.

रविवार आला. उद्यानात मुंगीला शिरायला जागा नव्हती. सभा आमच्या स्वयंपाकघराच्या बाजूच्या झावळ्यांच्या मांडवात. आधी सगळ्यांनी माझ्या भाकऱ्या चापल्या, मग मिशा पुसून कामाला लागले. मी तव्यापुढे. धुरानं डोळे चुरचुरत होते आणि हात तांबडेलाल झाले होते.

आन्सेल्मो सांगत होते, "कोमाद्रे एलिहियांनीच गेल्या वेळी सांगितलं..."

माझं नाव दुसऱ्यांदा वापरलं त्यांनी. पहिल्यांदा मी दिलं होतं, या वेळी कुणी विचारलंही नाही.

मी फडक्याला हात पुसले नाहीत. उलट दोन्ही तळवे तव्याच्या अगदी जवळ धरले, झोंबेपर्यंत. मागून कुणी म्हणायला नको की हात निवले होते. मग निघाले. मांडवातून, बाप्यांच्या मधून, सरळ.

गास्पारनं माझा इपिल धरला, आमचा तो पांढरा पायघोळ झगा, गळ्याला फुलं भरलेला. "कुठं निघालीस?"

"पाण्यात."

"अगं, हात दाखवून अवलक्षण कशाला?"

"त्यालाच चाललेय. हात दाखवायला."

बाक सरकल्याचे आवाज आले. मी मागे बघितलं नाही. डोहाच्या लाकडी पायऱ्या ओल्या, निसरड्या, कठड्याला धरून एकेक उतरले. अर्ध्या वाटेवर विल्बेर्तनं शिट्टी फुंकली.

"एलिहियाबाई, जाकिटाशिवाय पाण्यात जायला बंदी आहे."

"मग दे की. बघतोस काय?"

त्यानं दिलेलं केशरी जाकीट छातीवर मिटेना. त्याला घाम फुटला, बाईच्या छातीला हात कसा लावायचा म्हणून. तेवढ्यात खालून नेल्सी आली. तिनं बंद बांधायला म्हणून हात पुढं केले आणि माझे हात बघून तिचा चेहरा उतरला.

"आई, तू तव्यावरून आलीस."

"हो."

"नको. मी जाते कांकुनला. चालेल मला, खरंच चालेल."

"मला नाही चालणार."

"तोमासा आजीचं काय झालं होतं, तूच सांगतेस ना?"

"मीच सांगते. बांध ते बंद."

तिनं बांधले. मी शेवटच्या पायरीवर उभी राहिले आणि रीतीप्रमाणे आधी पाण्याच्या धन्याला विचारलं, आमच्या माया भाषेत, बेतानं. म्हटलं, बाबा, एक म्हातारी येतेय, गरम आहे, रागावू नकोस, काम आहे तिचं.

भीती वाटली. खोटं कशाला बोलू? मावशीचा हात डोळ्यांपुढे होता, कोंबडीच्या पायासारखा. तरी वाकले आणि आधी हातच घातले, कोपरापर्यंत, हळूहळू नाही, एकदम. गार. इतकं गार की हाडांत कुणी दोरी आवळावी तसं झालं. मग पायरी सोडली.

पोहायला येत नव्हतंच. जाकिटानं उचलून धरलं. इपिलात हवा शिरली आणि तो माझ्याभोवती टम्म फुगला, भाकरी फुगते तसा. पाहुण्यांना वाटलं, उद्यानानं त्यांच्यासाठी काही कार्यक्रम ठेवलाय. टाळ्या वाजवायला लागले, फोन पुढं केले. वर बघितलं तर भोकाच्या कडेनं टोप्याच टोप्या.

"कोम्पाद्रे," मी खालून ओरडले. डोहात आवाज घुमतो, कुजबुजलं तरी वर जातं. "विचारा आता."

"काय विचारू, कोमाद्रे? वर या आधी."

"गेल्या रविवारी विचारलंत तेच. तव्यावरून उठून कधी पाण्यात गेलात? गेले. तुमच्या डोळ्यांदेखत गेले. आता माझं नाव घ्यायचं असेल तर हे सांगून घ्या."

"तुम्हाला कळतंय का काय करताय ते?"

"तुमच्यापेक्षा जास्त कळतंय. आपल्या गावच्या पोरी कांकुनला इस्त्रीवरून उठून ओल्या चादरी पिळतात, तेव्हा कुठं होती ही सभा? तेव्हा त्यांच्या हाडांची काळजी कुणी केली? का पास्मो गावाच्या वेशीवरच थांबतो?"

मी दोन्ही हात वर केले, सगळ्यांना दिसावेत म्हणून. आणि हात वर केल्याबरोबर तोल गेला, तोंड पाण्यात, नाकातोंडात पाणी. जाकीट घालून बुडणारी पहिली बाई मीच असेन. पाण्यात धप्प आवाज झाला आणि माझ्या हनुवटीखाली एक हात आला. नेल्सी. तिनं मला उताणं केलं आणि पायरीशी नेऊन बसवलं. विल्बेर्त अजून शिट्टी तोंडाशी नेत होता.

वर आल्यावर आन्सेल्मोंनी माझ्या हातांकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं.

"आज काही दिसायचं नाही," ते म्हणाले. "पास्मो दुसऱ्या दिवशी दिसतो. तुम्हालाही माहीत आहे."

माहीत होतं. यात त्यांची लबाडी नव्हती, खरंच तसं असतं. मी इपिलाचं पाणी पिळत म्हणाले, "मग उद्या सकाळी सगळे न्याहारीला या. माझ्या हातची भाकरी खा. वाकडी निघाली तर नेल्सी कांकुनच्या गाडीत बसेल. गोल निघाली तर शिट्टी तिची. आहे कबूल?"

कुणीतरी हसलं, कुणीतरी म्हणालं, कबूल करा की, कारभारी. पैज म्हटली की आमच्या बाप्यांना पास्मोही आठवत नाही. ते म्हणाले, "कबूल."

दुसऱ्या दिवशी उजाडताना मी निजायच्या दोरीच्या झुल्यातून उठायला गेले आणि दोरी धरता येईना. बोटं सुजून आली होती. मूठ मिटत नव्हती आणि पूर्ण उघडतही नव्हती. कठडा गच्च धरला होता म्हणून असेल, वय झालंय म्हणून असेल. आणि पास्मो असेल तर पास्मोच असेल. मला विचाराल तर तेच होतं.

वेणी घालायला हात डोक्यावर नेले ते तिथंच राहिले. गास्पार दारात उभा राहून बघत होता.

"सांगून टाक त्यांना," तो म्हणाला.

"सांगितलं तर पोर जाईल."

"आणि तुझे हात?"

"ते गेले तर गेले. पोर घरात राहील. तू बोललास तर बघ."

त्यानं माझे केस मागे घेऊन बांधले, वेडेवाकडे, शेंडीसारखे. मग चूल पेटवली, जी त्यानं लग्नापासून कधी पेटवली नव्हती, आणि परातीत मक्याचं पीठ घेऊन मळायला बसला. नेल्सी उठायच्या आत मळून झालं होतं. घट्ट झालं होतं, पण झालं होतं.

मांडवात सगळे आधीच येऊन बसले होते. एरवी बोलावून न येणारेही आले होते. मी तव्यापुढे उभी राहिले. पिठाचा गोळा केळीच्या पानावर ठेवला आणि बोटांच्या टोकांनी फिरवत थापायला लागले. प्रत्येक थाप कोपरापर्यंत जात होती. आमची भाकरी बोटांच्या शेंड्यांवर होते, तळहातावर नाही, त्यामुळे लपवायला जागाच नाही. मी फिदेलियाशी बोलत राहिले, तिच्या जावयाच्या दारूबद्दल, भलतंसलतं, तोंड चालू ठेवलं म्हणजे लोक हाताकडे कमी बघतात. पहिली भाकरी तव्यावर टाकली. गोल. फुगली.

आन्सेल्मोंनी ती उलटसुलट करून बघितली आणि खाल्ली. "अजून एक, कोमाद्रे."

दुसरी दिली. तिसरी दिली. ते भाकरीकडे बघतच नव्हते, माझ्या बोटांकडे बघत होते. "अजून एक."

"कोम्पाद्रे, ते पोट आहे की पोतं?"

मांडव हसला. आन्सेल्मो हसले नाहीत. "अजून एक द्या."

मी गोळा उचलला. बोटांत जीव नव्हता उरलेला. आता पडणार, असं मला वाटलं, आणि तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला. आधी कळलंच नाही कुणाचा आहे, कारण सभेत तो आवाज कुणी ऐकलेला नव्हता.

"पुरे," गास्पार म्हणाला. तो उभा राहिला होता आणि त्याच्या हातांना पीठ लागलेलं होतं. "बायकोनं भाकरी केली, तुम्ही खाल्लीत, गोल होती. पैज तुम्हीच मान्य केलीत. आता हात वर करा, नाहीतर घरी जा आणि आपापल्या बायकांना सांगा की भाकरी खाऊन शब्द फिरवला."

त्यानं आपला हात वर केला. मग एकेक करत वर गेले. बाहेरच्या बाजूला फिदेलियानंही हात वर केला, तिला मत नाही तरी. आन्सेल्मोंचा हात सगळ्यांत शेवटी गेला, पण गेला. विल्बेर्तनं गळ्यातली जादा शिट्टी काढून नेल्सीकडे फेकली आणि तिनं ती हवेत झेलली.

दुपारी पाहुण्यांची रांग जरा ओसरली तेव्हा ती माझ्याकडे आली. केस ओले, गळ्यात शिट्टी, चेहऱ्यावर जे होतं ते मी तिच्या लग्नानंतर बघितलं नव्हतं. आमच्याकडे मोठ्यांच्या हाताचं चुंबन घेतात. तिनं माझा हात धरला, ओठांपाशी नेला आणि जरासा दाबला. मी दात आवळले, तरी खांदा उडालाच.

ती माझ्याकडे बघत राहिली.

"आई. झालंय तुला."

"काही झालेलं नाही."

"मूठ मिटून दाखव."

"काम आहे मला."

"मूठ मिट."

मी नाही मिटली. तिचे डोळे भरले आणि तिनं गळ्यातली दोरी ओढायला सुरुवात केली. "मी परत देते ही. आत्ताच्या आत्ता."

"दे," मी म्हणाले. "आणि मग काय, आन्सेल्मो माझी बोटं सरळ करून देणारेत? जे जायचं ते गेलं, नेल्सी. ते मी तुझ्या गळ्यात बांधलंय. आता तू ते मांडवात नेऊन ठेवलंस, तर मी पाण्यात कशाला गेले होते? पाहुण्यांनी टाळ्या वाजवाव्या म्हणून?"

"पण तुझे हात..."

"माझे हात माझे आहेत. सभेचे नाहीत आणि तुझेही नाहीत. रड थांबव. आणि हे कुणाला बोललीस तर ती शिट्टी त्या डोहाच्या तळाला टाकीन आणि तुला काढायला पाठवीन."

ती रडता रडता हसली, म्हणजे हसायचा प्रयत्न केला. तेवढ्यात खालून कुणीतरी नको तिथून उडी मारल्याचा आवाज आला. ती वळली, पायऱ्यांकडे धावली, आणि शिट्टीचा असा कर्कश आवाज आला की बर्फाच्या पेटीपाशी फिदेलियाच्या हातातला पेला हिंदकळला.

मी पुढचा गोळा पानावर ठेवला. थापला, फिरवला, तव्यावर टाकला. वाकडी निघाली, एका कडेला जाड, दुसऱ्या कडेला फाटलेली. फिदेलिया सांडलेलं सरबत पुसत होती. तिनं मान वर करायच्या आत मी ती भाकरी चटका सोसत तशीच तोंडात कोंबली आणि दुसरी थापायला घेतली.